दुभाष्या कालव: विनोदी विज्ञाननाटकासाठी भाषांतराचं यंत्र कसं रचावं

वेंगुर्ल्याला आमच्या वाडीच्या गणपतीत एकांकिका होते आणि ती लिहायचं काम माझ्याकडे असतं. परग्रहावरचा पाहुणा रंगमंचावर आला की तो कोणत्या भाषेत बोलणार, हा प्रश्न येतोच. बहुतेक नवे लेखक त्याच्या हातात एक डबी देतात, बटण दाबतात आणि पाहुणा फडाफडा मराठी बोलू लागतो. तसं करू नका. विनोदी विज्ञानकथेत या यंत्राइतकं कसदार पात्र दुसरं नाही, तेव्हा त्याला पात्रासारखंच घडवा.

आधी ते कशावर जगतं ते ठरवा. डग्लस ॲडम्स यांनी १९७८ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' या मालिकेत कानात घालायचा बेबल फिश आणला. लहानसा, पिवळा, जळवेसारखा. तो आजूबाजूच्यांच्या मेंदूतल्या लहरी खातो आणि ज्याच्या कानात बसलाय त्याच्या मेंदूत अर्थ टाकतो. खाणं आणि टाकणं, एवढ्यावर ते यंत्र उभं राहिलं. ऐकणारा ते एकदा मानतो आणि पुढे हिशेब मागत नाही.

आपण किनाऱ्यावरची माणसं, त्यामुळे हात पटकन माशाकडेच जाईल. पण मासा आता ॲडम्सचा झाला. मी कालव घेतलं.

खाडीतल्या खडकाला चिकटलेलं कालव भरतीच्या पाण्यात नीट बघा. शिंप जेमतेम फटीएवढी उघडते, कल्ल्यांवरून पाणी आत ओढलं जातं, त्यातलं बारीक शेवाळ गाळून घेतलं जातं आणि पाणी परत बाहेर. सुकती लागून खडक उघडा पडला की दोन्ही शिंपा घट्ट मिटतात आणि आतल्या थेंबभर पाण्यावर ते तग धरतं. माझ्या यंत्राचे सगळे नियम मला इथेच मिळाले. कानामागे लावलेलं कालव आवाज आत घेतं, त्यातला अर्थ गाळतं. मात्र ते चालतं फक्त भरतीला.

हा एक नियम लावला की कथानक आपोआप पळू लागतं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं उशिरा सरकते. म्हणजे पाहुण्याशी बोलणी करायची तर पंचांग उघडायला हवं. मुंबईकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची मोटामोटी वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दक्षिणेकडे ती त्याआधी येते, म्हणून आपापल्या बंदरावरच्या मच्छीमारांना विचारून वेळ पक्की करा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं, तेव्हा कालवाला अर्धंमुर्धंच कळू द्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र ते न बोललेलंही सांगू लागतं. यजमान म्हणतो, "बसा, चाय घेवन जावा," आणि पाहुण्याच्या कानात येतं, "घरात दूध नाय, तू नको म्हण."

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. यंत्राला चुकू देऊ नका. चुकीच्या भाषांतरावर एकदा हशा मिळतो, दुसऱ्यांदा नाही. ॲडम्सचा मासा कधीच चुकत नाही, आणि म्हणूनच त्याने कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त आणि भयंकर युद्धं पेटवली: सगळ्यांना सगळ्यांचं नीट कळू लागलं! १९९६ च्या 'मार्स अटॅक्स!' या चित्रपटातलं भाषांतराचं यंत्र "पळू नका, आम्ही तुमचे मित्र आहोत" असं स्वच्छ बोलतं आणि मंगळवासी त्याच वेळी गोळ्या घालत सुटतात. तिथेही यंत्र बरोबर बोलतंय, खोट बोलवणाऱ्यांच्या मनात आहे. आपल्याकडे तर यासाठी भाऊबंदकी तयारच आहे. गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, दोन चुलत्यांचं वाजलेलं असतं, मध्ये हातभर पट्टा, त्यात एक रातांब्याचं झाड. भावकीबाहेरचा म्हणून पाहुण्याला मध्यस्थ बसवा. उधाणाला त्याला दोघांच्या मनातलं ऐकू येतं: रातांबे दोघांनाही नकोत, फक्त दुसऱ्याला मिळता कामा नयेत. तो हे भर बैठकीत मोठ्याने सांगतो आणि दोघे चुलते त्याच क्षणी एक होऊन त्याच्यावर धावून जातात. हा प्रवेश लांबू द्या. इथे घाई केलीत तर बाकी सगळं फुकट.

कालव प्रत्येकाला त्याच्या घरच्या बोलीत अर्थ देतं, हेही पाळा. पाहुण्याचं एकच वाक्य आजीच्या कानात मालवणीत पडेल, तलाठ्याच्या कानात कचेरीच्या मराठीत. रंगमंचावर नट तेच वाक्य दोनदा बोलतो, एकदा आजीकडे तोंड करून, एकदा तलाठ्याकडे. दिव्यांची करामत लागत नाही. कालव कोणाकडे आहे ते प्रेक्षकांना सतत दिसायला हवं, म्हणून ऐकताना नटाने दोन बोटं कानामागे ठेवावीत. कालव नसलेल्याला पाहुण्याची मूळ भाषाच ऐकू येते. ती दोन-तीन वाक्यांपुरतीच ठेवा, नाहीतर लोक कंटाळतात.

शिंप खरीच वापरा, पण कड धारदार असते, पॉलिशपेपरने घासून घ्या आणि चामडीला चालणाऱ्या चिकटपट्टीने लावा. घामाने ती सुटते, विंगेत दुसरी तयार असू द्या.

शेवटची तालीम झाली की संहितेतल्या भरतीच्या वेळा प्रयोगाच्या तिथीशी जुळवून बघा. प्रयोग एक दिवस पुढे गेला तर संवादातल्या वेळाही सरकवा, कारण आमच्या पहिल्या रांगेत जे बसतात ते पहाटे होड्या काढणारे असतात.