जुन्या पिकअपचे गिअर उशिरा पडतात? आधी एक नळी काढून पाहा

१९७०च्या दशकातल्या शेवरले सी-१० पिकअपला टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल आणि गिअर उशिरा, दणका देत पडत असतील, तर गिअरबॉक्स उतरवायची घाई नको. सपाट जागी, इंजिन गरम आणि चालू असताना, गिअर पार्कमध्ये ठेवून गिअरबॉक्सचं तेल तपासा. करपट वास आला तर मेकॅनिकच गाठा. तेल ठीक असेल तर इंजिन बंद करून गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनच्या व्हॅक्यूमनुसार, म्हणजे हवेच्या ओढीनुसार, गिअर कधी पडायचा ते ठरवणारा छोटा डबा) रबरी नळी काढा. आत लाल तेल दिसलं की मॉड्युलेटरचा पडदा फाटला समजा. तेच तेल इंजिन ओढतं, म्हणून सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो (आणि लोक उगाच इंजिनचं हेड गॅस्केट (सील) गेलं समजून ते बदलत बसतात!). मॉड्युलेटर एकाच बोल्टवर असतो, त्यामुळे बदलणं सोपं. नळी कोरडी निघाली तर ती चिरलीय का, इंजिनकडचं टोक निसटलंय का ते बघा; व्हॅक्यूम पोचला नाही तरी गिअर असेच उशिरा पडतात.