परदेशी रोपं आली की पहिले सहा आठवडे

बडोद्याला अजवा रोडवर आमची नर्सरी आहे. हॉलंडची अँथुरियम ही फुलझाडं आयातदाराकडून छोटी घ्यायची, वाढवायची आणि लग्नसराईच्या आधी विकायची, असा धंदा. खोकं फोडलं की घरचे सगळे फुलं बघतात, मी पानं उलटी करते. ही सवय मला शंभर कुंड्या जाळून लागली.

त्या वेळी दीडशे रोपं आली होती. २००३च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाप्रमाणे लागणारा परवाना, तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र, सगळे कागद चोख. तिसऱ्या आठवड्यात माळ्याने पानामागे कडेला बारीक ओलसर ठिपके दाखवले. "बेन, आ तो पाणीना डाघ छे," तोच म्हणाला आणि मी मान डोलावली. वरून नळीने पाणी मारणं चालूच राहिलं, आणि प्रत्येक शिंतोड्याबरोबर रोग शेजारच्या कुंडीत गेला. तो होता झँथोमोनास जिवाणूचा करपा. १९८०च्या दशकात हवाई बेटांवरच्या अँथुरियमच्या धंद्याची वाट यानेच लावली होती. एम.एस्सी.ला मी हे पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळाले होते!

पान बघायचं ते सकाळी सातला, पाणी घालण्याआधी. मुळांनी रात्रभर ओढलेलं जास्तीचं पाणी पानाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून थेंब होऊन बाहेर येतं. जिवाणू त्याच वाटेने आत शिरतो, म्हणून सुरुवात बहुतेक कडेपासून होते. पान उजेडासमोर धरा. पाण्याचा डाग ओल्या बोटाने पुसला जातो. रोगाचा ठिपका पुसला जात नाही, आणि भजी ठेवलेल्या वर्तमानपत्रासारखा तिथून उजेड पाझरतो. काही दिवसांनी मधे तपकिरी, भोवती पिवळी कड. उन्हाने भाजलेला डाग कोरडा, कागदासारखा असतो आणि ऊन लागतं त्याच बाजूला असतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात असू द्या, खिशातलं हरवतं.

कुंडीत ओल असूनही रोप दुपारी मान टाकत असेल तर खोड कापून बघा. दोन बोटं लांबीचा तुकडा दोऱ्याने स्वच्छ पाण्याच्या ग्लासात असा टांगा की कापलेलं टोक जेमतेम बुडेल. मागे काळा कागद धरा, ग्लास हलवू नका. पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधट धागा खाली उतरला तर राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूने आणलेली मर समजा. धागा नाही उतरला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. २००३ मध्ये केनियाहून अमेरिकेत गेलेल्या जिरेनियमच्या कलमांबरोबर हाच जिवाणू गेला होता, बटाटा-टोमॅटोचा वैरी.

एक-दोन कुंड्या उपड्याही करा. मूळ चिमटीत धरून ओढलं आणि साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहिला, तर मूळकूज.

नवी रोपं वेगळी ठेवून बघायची ती सहा आठवडे कशाला, असं मला सगळे विचारतात. मेटालॅक्सिलसारखी बुरशीनाशकं मूळकूज आणणारा फायटोफ्थोरा दाबून ठेवतात, संपवत नाहीत. तिकडून निघताना फवारलेलं औषध उतरलं की रोग डोकं वर काढतो. म्हणून या काळात बुरशीनाशक मारायचं नाही. पुरवठादार फोनवर मारायला सांगतो, ऐकू नका. रोग असेल तर दिसू दे.

आमच्याकडे नवी रोपं मागच्या शेडमध्ये, जमिनीपासून दोन फूट उंच मांडणीवर असतात. पाणी झारीने बुडाशी. त्यांची कात्री वेगळी, दर रोपानंतर स्पिरिटने पुसायची, आणि त्या शेडमध्ये दिवसाचं शेवटचं काम म्हणून जायचं. तिथून निघून दुसऱ्या रोपांना हात लावायचा नाही. खोक्यावरची चिठ्ठी वहीत चिकटवतो, म्हणजे एक रोप आजारी निघालं की त्याच्याबरोबर आलेली बाकीची कुठे गेली ते सापडतं.

संशय आला तर रोप हातात घेऊन कुणाला दाखवायला फिरू नका. जागेवरच पिशवी चढवा, तोंड बांधा. शेणखताच्या खड्ड्यात तर मुळीच टाकू नका. आयातदाराला त्याच दिवशी कळवा, कारण आयात मालातल्या रोगाची खबर त्याच्यामार्फत संगरोध केंद्रापर्यंत जायला हवी. नमुन्याला पूर्ण वाळलेलं पान कुचकामी. निम्मं हिरवं, निम्मं डागाळलेलं घ्या, कोऱ्या कागदात गुंडाळा, ओलं करू नका. आम्ही तो आणंदच्या कृषी विद्यापीठात नेतो, आदल्या दिवशी फोन करून. शनिवारी नेऊ नका. सोमवारपर्यंत पान सडतं आणि सडलेल्या पानावर भलतीच बुरशी सापडते.