जगाचा इतिहास दोरीवर वाळत घाला (एक मिलिमीटर = एक वर्ष)

सहावीतल्या भाचीला इतिहास शिकवायला बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत तिने विचारलं की हडप्पावाले आणि आदिमानव एकमेकांना भेटले होते का. हसू आलं, पण खरं सांगायचं तर मलाही एकदम उत्तर देता येईना, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हे सगळं "फार पूर्वी" नावाच्या एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं. मग आम्ही जे केलं ते इथे लिहितोय. मुलांसाठी केलंत तरी चालेल, स्पर्धा परीक्षेवाल्यांनी स्वतःसाठी केलं तर आणखी बरं.

सामान: कपडे वाळत घालायची दोरी १२ मीटर (ताणली जाणारी घेऊ नका, सगळी मापं बोंबलतात), मोजायची टेप, कपड्यांचे चिमटे ४०-५०, रंगीत लेस किंवा रिबीन, आणि कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका. मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो, आणि प्रत्येक घरात एक पिशवी भरून पडलेल्या असतातच.

माप एकच लक्षात ठेवायचं, एक मिलिमीटर म्हणजे एक वर्ष. म्हणजे एक सेंटिमीटर दहा वर्षं, एक मीटर हजार वर्षं, एक किलोमीटर दहा लाख वर्षं. आजोबांचं अख्खं आयुष्य आठ सेंटिमीटर.

दोरीचं उजवं टोक म्हणजे इ.स. २००० धरा. आजचं वर्ष धरलं की दर वेळी वजाबाकी करत बसावी लागते, २००० धरलं की तोंडी जमतं. इसवी सनातलं वर्ष असेल तर २००० मधून वजा, इसवी सनपूर्व असेल तर २००० मध्ये मिळवा, झालं. १४९८ म्हणजे टोकापासून ५० सेंमी. इ.स.पू. २५६० म्हणजे ४ मीटर ५६ सेंमी. (इसवी सनात शून्य वर्षच नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १, त्यामुळे एका वर्षाची चूक राहते, पण ती एक मिलिमीटरची, चिमटाच त्याहून जाड आहे.) भाचीचा जन्म २००० नंतरचा, ती दोरीवरच नाही म्हणून रुसली, मग टोकाला थोडी दोरी मोकळी लोंबत सोडली आणि तिचा चिमटा तिथे लावला.

आधी घराबाहेर पडा

ही पायरी लोक गाळतात, गाळू नका, खरी मजा इथेच आहे. १२ मीटरच्या दोरीवर शेती सुरू झाल्यानंतरचं सगळं बसतं, पण त्याआधीचं बसत नाही, ते रस्त्यावर येतं. फोनवर नकाशा उघडा आणि घरापासून ३.३ किलोमीटरवर काय आहे बघा. केनियात लोमेक्वीला सापडलेली दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची, ती तिथे. आमच्याकडे तो पेट्रोल पंप निघाला. तिथून घराकडे चालत यायचं. जॉर्जियातल्या द्मानिसीचे सांगाडे, म्हणजे आफ्रिकेबाहेर पोचलेली जुन्यातली जुनी माणसासारखी मंडळी, १.८ किलोमीटरवर. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी दीड किलोमीटरवर, आणि तीच ती बदामाच्या आकाराची हातकुऱ्हाड त्यानंतर एक किलोमीटरहून जास्त चालेपर्यंत जवळजवळ तशीच राहते. विचार करा, आपण दर दोन वर्षांनी मोबाईल बदलतो म्हणजे दर दोन मिलिमीटरला.

आपली जात, होमो सेपियन्स, साधारण ३०० मीटरवर दिसायला लागते (मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदची हाडं). ऑस्ट्रेलियात माणूस पोचला तो किमान ५० मीटरवर, निअँडरथल (आपली जवळची, आता नामशेष झालेली भावकी) संपले ४० मीटरच्या आसपास, फ्रान्सच्या शोवे गुहेतले सिंह आणि गेंडे कोणीतरी काढले ते ३६ मीटरवर, म्हणजे आमच्या सोसायटीच्या गेटपाशी. आणि मग तुम्ही जिना चढून घरात येता तेव्हा कुठे शेती सुरू होते. पोरगी दमली होती आणि "अजून एकही राजा आला नाही?" असं म्हणाली, ते ऐकून मला वाटलं की आजचा धडा झाला.

पोरं डायनोसॉरचं विचारणारच. ते ६६ किलोमीटरवर संपले. पुण्यात राहत असाल तर लोणावळ्याच्या आसपास. आदिमानव आणि डायनोसॉर एकाच चित्रात दाखवणाऱ्या कार्टूनचा विषय तिथल्या तिथे मिटतो.

आता दोरी बांधा

गच्ची सगळ्यात उत्तम. घरात बांधायची तर पॅसेजमधून हॉलपर्यंत सलग न्या. जागा नाही म्हणून भिंतीवर तीन ओळींत दुमडून लावायचा मोह होतो, मी पहिल्यांदा तेच केलं होतं आणि सगळा अंदाज गेला, डोळ्याला अंतर दिसलं पाहिजे. त्याच्याही आधी कार्डशीटवर सारख्या अंतराने चौकोन काढून "अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग" लिहिलं होतं, ते तर विचारूच नका.

पहिले चिमटे ११.७ मीटरला, शेवटचं हिमयुग संपलं तिथे, आणि लगेच पुढे ११.५ ला तुर्कस्तानातलं गोबेकली टेपे. हे महत्त्वाचं कार्ड आहे कारण इथले कोरीव दगडी खांब उभे केले ते शिकार करून आणि रानातलं धान्य गोळा करून जगणाऱ्या लोकांनी. आधी शेती, मग गाव, मग देवळं असा जो क्रम आपण पाठ केलेला असतो तो इथे डळमळतो. साडेदहाच्या आसपास पश्चिम आशियात गहू-बार्ली, नऊ मीटरच्या आसपास मेक्सिकोत मका आणि बलुचिस्तानात मेहरगढ, भात चीनमध्ये यांग्त्सेच्या खोऱ्यात वेगळाच. एकाने शोध लावला आणि जगाला शिकवला असं नाही, वेगवेगळ्या ठिकाणी लोकांनी आपापलं जमवलं.

मग चक्क तीन-चार मीटर दोरी जवळजवळ रिकामी राहते. राहू द्या. भरायची घाई करू नका, ती रिकामी दिसली पाहिजे.

५.३ मीटरला मेसोपोटेमियातलं उरुक आणि लिखाण. पहिल्या पाट्यांवर काव्य वगैरे काही नाही, धान्य, बीअर, मेंढ्या, कोणाला किती दिलं, थोडक्यात किराणा दुकानाची वही. ३.३ किलोमीटर चालून आलात ना, त्यातल्या फक्त शेवटच्या ५.३ मीटरबद्दल कोणीतरी काही लिहून ठेवलंय. बाकी सगळं हाडं, दगड, राख यावरून.

चिमटे नाही, रिबिनी

एक मोठी सुधारणा सांगतो. घटनेला चिमटा, पण काळाला रिबीन. बहरातली हडप्पा संस्कृती इ.स.पू. २६०० ते १९००, म्हणजे ७० सेंमी रिबीन. पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य ऑगस्टसपासून ४७६ पर्यंत, ५० सेंमी. इजिप्तच्या फॅरोंची रिबीन पहिल्या राजांपासून क्लिओपात्रापर्यंत तीन मीटरच्या वर जाते, तेवढी लेस घरात नव्हती, जुन्या ओढणीची किनार कापली, त्यावरून बोलणी खाल्ली. प्रदेशाप्रमाणे रंग ठेवा. आणि एका खाली एक लोंबू द्या, कारण खरं शिकणं आडवं नाही, उभं होतं: एकाच जागी बोट ठेवायचं आणि खाली काय काय लोंबतंय ते बघायचं.

चार मीटर छपन्नला इजिप्तच्या खुफू राजाचा पिरॅमिड, खाली आपली हडप्पाची रिबीन नुकतीच सुरू झालेली. आणि त्याच्या पुढे, साधारण चार मीटरला, सायबेरियाच्या उत्तरेला रँगल बेटावरचे शेवटचे मॅमथ (केसाळ हत्ती). हो, पिरॅमिड बांधला तेव्हा जगात मॅमथ जिवंत होते. ४.३ च्या आसपास मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सारगॉन याच्या लेखात मेलुहाची जहाजं धक्क्याला लागल्याचं येतं, आणि मेलुहा म्हणजे सिंधू खोरं असं बहुतेक अभ्यासक मानतात. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडलं: हडप्पावाले आदिमानवाला नाही, मेसोपोटेमियाच्या व्यापाऱ्यांना भेटत होते.

३.६ ते २.७ मीटर ही इनामगावची रिबीन, पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ, घोड नदीच्या काठी. बार्ली पिकवणारं गाव, गेलेली लहान मुलं दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरायचे. आधी चौकोनी घरं, शेवटी शेवटी छोट्या गोल झोपड्या. ३.३२ ला इजिप्तमध्ये तूतनखामेनला सोन्याच्या पेटीत ठेवलं, तेव्हा हे गाव भरात होतं. गावाला कोणी पेटी केली नाही, पण दोरीवर गावाची जागा आहे.

इथे एक इशारा. "अश्मयुग संपलं" असा एकच चिमटा जगासाठी लावू नका. ती युगं जागेप्रमाणे बदलतात. इंका लोकांकडे कांसं होतं, लोखंड नव्हतं, ओझं वाहायला चाक नव्हतं, तरी डोंगरातून हजारो किलोमीटर रस्ते होते. युगाचं नाव त्या प्रदेशाच्या रंगाच्या रिबिनीवरच लिहायचं.

शेवटचे दोन मीटर गर्दीचे आहेत, सगळं लावायला जाऊ नका, जोड्या लावा. मला आवडलेल्या दोन देतो. इ.स. ७६२ ला खलीफा मन्सूरने बगदाद वसवायला घेतलं, आणि त्याच सुमाराला राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळात वेरुळला कैलास लेणं वरून खाली कोरलं जात होतं. एकीकडे शून्यातून शहर उभं राहतंय, दुसरीकडे डोंगर काढून टाकून देऊळ. दुसरी जोडी १२९० ची, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली तेव्हा मार्को पोलो चीनमध्ये कुबलाई खानाच्या नोकरीत होता. चिमटा एकच, कार्डं दोन.

कल्याण, सोपारा, चौल, तेर, पैठण ही नावं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या बंदरांच्या वर्णनात आहेत, ते कार्ड १.९५ मीटरला लावून ठेवा, लगेच उपयोगी पडणार आहे. त्याच शतकात रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक कुरकुरत होता की भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो.

शेवटचे ५०-६० सेंमी नीट करा

शोधांचा काळ म्हणून जो धडा असतो तो १४१५ ते १५२२ धरला तर फक्त पावणेअकरा सेंटिमीटर आहे. इथे टेप काढून मिलिमीटरने मोजा. १४१५ पोर्तुगिजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता घेतलं, १४३४ पश्चिम आफ्रिकेतलं बोजादोरचं भूशिर ओलांडलं, १४५३ कॉन्स्टँटिनोपल पडलं, १४८८ पोर्तुगीज खलाशी डियाश आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून गेला, १४९२ कोलंबस, १४९८ वास्को द गामा, १५१० गोवा, १५२२ मॅगेलनच्या पाच जहाजांपैकी एक परत आलं, त्यात १८ माणसं, मॅगेलन स्वतः वाटेत फिलिपिन्समध्ये मारला गेलेला.

आता चिमट्यांचा क्रम बघा. आपण शाळेत घोकलेलं काय, तर तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, वाट बंद झाली, म्हणून युरोपीय समुद्रात उतरले. पण पहिले दोन चिमटे १४५३ च्या आधी लागलेत की! पोर्तुगीज तर चार सेंटिमीटर आधीच निघाले होते, त्यांना आफ्रिकेतलं सोनं हवं होतं, मोरोक्कोशी लढायचं होतं, मसाला नंतर आला. १४५३ चा काहीच परिणाम नाही असं मी म्हणत नाहीये, पण "म्हणून" हा शब्द लिहायच्या आधी दोरी बघायची सवय लागली की निम्म्या चुका टळतात.

आणि "शोध" म्हणजे काय तेही दिसतं. वास्कोच्या नऊ सेंमी आधी चीनचा नौदलप्रमुख झेंग ह प्रचंड ताफा घेऊन कालिकतला येऊन गेलेला. वास्कोला आफ्रिकेच्या मालिंदीहून वाटाड्या मिळाला, म्हणजे वाट कोणाला तरी पाठ होतीच. आणि मघाचं ते १.९५ चं कार्ड, कल्याण-सोपाऱ्याचं. वास्को पोचला तेव्हा या किनाऱ्यावर परदेशी जहाजं येऊन दीड मीटर झाला होता.

शेवटचा खेळ स्वयंपाकघरात. ५०.८ सेंमीचा चिमटा (कोलंबस) धरा आणि ताटातलं जे जे अमेरिकेतून आलं ते बाजूला काढा. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, काजू, पेरू, पपई. आमच्याकडे त्या दिवशी एकादशी होती म्हणून साबुदाण्याची खिचडी होती. साबुदाणा टॅपिओकाचा, टॅपिओका अमेरिकेचा. दाण्याचं कूट, शेंगदाणा अमेरिकेचा. बटाटा गेला, हिरवी मिरची गेली. बाजूचं रताळंही गेलं. ताटात उरलं तूप, जिरं आणि मीठ. आईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, भगर करते मग.

दोरी उतरवताना चिमटे काढू नका, तशीच गुंडाळून उशीच्या अभ्र्यात भरा, पुढच्या वेळी दहा मिनिटांत लागते. फक्त डाव्या टोकापासून गुंडाळायला घ्या, म्हणजे उलगडताना हातात आधी आपलं टोक येतं.