डिस्पेल मारला, तरी तलवार चमकतेय? या चुका टाळा

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर रविवारी सकाळी तर्री-पोहे आटोपले की डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कल्पित साहसांच्या खेळाचा डाव बसतो. २०२५ मध्ये रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्रात परत आली, तेव्हापासून आमच्या डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) प्रत्येक सरदाराच्या हाती जादूची फिरंग तलवार असते. ती दिसली की कोणीतरी ओरडतोच, "मार ना बे डिस्पेल!" डिस्पेल म्हणजे जादू उतरवणारा मंत्र, खेळाच्या भाषेत स्पेल. तो मारला की स्लॉट, म्हणजे मोजूनच मिळणारी स्पेल टाकायची एक संधी, जातो; फिरंग तशीच.

कारण खेळाच्या पाचव्या आवृत्तीत डिस्पेल मॅजिक चालू स्पेल संपवतो, जादूची वस्तू नाही. घडवतानाच प्लस वन (फाशावर कायम एक जास्त देणारी) झालेल्या तलवारीला त्याने काही होत नाही. म्हणून आधी बघा: जादू पोलादात मुरलीय, की कोणी तासाभरासाठी वरून चढवलीय? डिटेक्ट मॅजिकनं नुसती आभा आणि जादूचा प्रकार कळतो, तेवढ्यावर विसंबू नका. शत्रूचा पुजारी लढाईआधी काय पुटपुटला, ते डीएमला विचारा. जुने खेळाडू इथे हमखास चुकतात, कारण २००३ च्या साडेतीन (३.५) आवृत्तीत डिस्पेलनं खरी जादूची वस्तूसुद्धा १ ते ४ फेऱ्या निपचित पडायची. ती सवय अजून हाताला आहे.

दुसरी चूक नेमाची. स्पेल तलवारीवर आहे, तर नेम तलवारीवर धरा. सरदारावर मारलेला डिस्पेल सरदारावरचेच स्पेल काढतो.

आकड्यांत तर आमचा अख्खा रविवार गेला होता. समोर होली वेपन, म्हणजे शस्त्रावर चढवायचा पाचव्या पातळीचा स्पेल. आमच्या विझार्डनं (जादूगारानं) तिसऱ्या पातळीचा स्लॉट वापरला, स्पेलपेक्षा खालचा; म्हणजे फासा टाकून गाठायचं लक्ष्य १० अधिक स्पेलची पातळी ५, पंधरा. फाशावर १० पडले, बुद्धीचे ४ मिळवून १४. त्यानं प्रोफिशियन्सीचे (पात्राच्या सरावाचे) ४ जोडून "अठरा!" म्हटलं, आणि आम्ही टाळ्या पिटल्या. ते चूक होतं. या चेकमध्ये, म्हणजे फाशाच्या चाचणीत, प्रोफिशियन्सी धरत नाहीत. ती सवलत दहाव्या पातळीच्या, संरक्षक जादूत तरबेज अशा अॅब्ज्युरेशन विझार्डला असते. आमच्या विझार्डकडे पाचव्या पातळीचा स्लॉट शिल्लक होता, तो वापरला असता तर फासा टाकायचीही गरज नव्हती.

खरं तर त्या दिवशी डिस्पेलही लागला नसता. होली वेपन टाकणाऱ्याच्या कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे एकाग्रतेवर टिकतो. तो टाकणाऱ्या, मागं उभ्या पुजाऱ्याला बाण मारा: १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मे, यांतला मोठा आकडा त्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्हमध्ये (काटकपणाच्या फाशात) गाठावा लागतो. नाही गाठला, तर स्पेल गेला. मला हाच उपाय सगळ्यात आवडतो, स्लॉट वाचतो.

मुरलेली जादू दाबायचीच असेल तर आठव्या पातळीचं अँटिमॅजिक फील्ड आहे, पण त्या १० फुटांत तुमचीही शस्त्रं साधी होतात.

शापित तलवार हाताला चिकटली असेल, तर डिस्पेल नको, रिमूव्ह कर्स हा शापावरचा स्पेल टाका. त्यानं धरणारा सुटतो, पण शाप तलवारीतच राहतो. सुटलेली तलवार लगेच दुसऱ्या गड्याच्या हाती देऊ नका.