आधी ब्यूटेन, मग प्रोटीन

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलं भेटली की एक प्रश्न ठरलेला. "मॅडम, मला कम्प्युटेशनल केमिस्ट्री करायचीय. प्रोजेक्टला डॉकिंग घेऊ का?" कम्प्युटेशनल केमिस्ट्री म्हणजे संगणकावर गणितं मांडून केलेलं रसायनशास्त्र, आणि डॉकिंग म्हणजे औषधाचा रेणू प्रोटीनला कसा आणि किती घट्ट चिकटेल याचा संगणकावरचा अंदाज. विचारणाऱ्यांपैकी काहींना टायट्रेशनचा कंटाळा आलेला असतो, काहींनी प्रोटीनच्या खोबणीत औषधाचा रेणू अलगद जाऊन बसतो तो व्हिडिओ पाहिलेला असतो. माझं उत्तर दोघांनाही एकच : आत्ता नको.

डॉकिंगच्या प्रोग्रॅमला प्रोटीनची एक फाइल आणि औषधाच्या रेणूची एक फाइल दिली की काही मिनिटांत तो उणे ८.५, उणे ८.१ असे आकडे देतो. एकक किलोकॅलरी प्रति मोल, आणि आकडा जितका उणे तितकी पकड घट्ट. सोबत रंगीत चित्र, जे रिपोर्टमध्ये झकास दिसतं. मग "उणे ८.५ वाला रेणू अधिक प्रभावी" असं लिहून प्रोजेक्टचं बाइंडिंग होतं. आता थर्मोडायनॅमिक्सचा पेपर आठवा. खोलीच्या तापमानाला समतोल स्थिरांक (इथे औषधाची पकड) दहापट बदलायला मुक्त ऊर्जेत १.३६ किलोकॅलरीचा फरक पुरतो. आणि डॉकिंगच्या स्कोअरमध्ये दोन-तीन किलोकॅलरी इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. मग त्या ०.४ च्या फरकावर निष्कर्ष कसला काढणार? डॉकिंग टाकाऊ आहे असं नाही. लाखो रेणूंमधून प्रत्यक्ष तपासण्याजोगे थोडके निवडायला औषध कंपन्या ते रोज वापरतात. पण कुठल्या आकड्यावर किती विसंबायचं हे आधी कळायला हवं, आणि ते कळतं ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा लहान रेणूवर.

म्हणून ब्यूटेन. चार कार्बन, दहा हायड्रोजन, बारावीपासूनची ओळख. अ‍ॅव्होगॅड्रो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात रेणू काढा. ऊर्जेची गणितं करायला ऑर्का हा प्रोग्रॅम घ्या. शैक्षणिक वापरासाठी त्यालाही पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावं लागतं इतकंच. मधला कार्बन-कार्बन बंध फिरवून दोन रचना करा : एकीत दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब, १८० अंशांवर, आणि दुसरीत साधारण ६० अंशांवर. म्हणजे आपले अँटी आणि गॉश. दोन्ही ऑप्टिमाइझ करा, म्हणजे अणू जवळपासच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या जागी बसू द्या. साधा लॅपटॉप चालतो, ग्राफिक्स कार्डाची काही गरज नाही.

आउटपुटमध्ये ऊर्जा येईल ती उणे १५८.४ हार्ट्रीच्या आसपास. एक हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी प्रति मोल. आता गंमत बघा. अँटी आणि गॉशमधला फरक पाठ्यपुस्तकांत ०.९ किलोकॅलरी दिलेला असतो, म्हणजे तुमच्या दोन आकड्यांमध्ये फरक पडणार तो दशांश चिन्हानंतर तिसऱ्या स्थळी. लाखभर किलोकॅलरींच्या दोन प्रचंड संख्या वजा करून एकाहून कमी किलोकॅलरी शोधायची! म्हणूनच दोन्ही रचनांना पद्धत तीच, बेसिस सेट (ऑर्बिटल मांडायला वापरलेल्या गणिती फलनांचा संच) तोच, सगळ्या सेटिंग तंतोतंत त्याच लागतात. एकीला एक आणि दुसरीला दुसरा बेसिस सेट लावलात तर ती वजाबाकी निरर्थक.

तुमचं उत्तर ०.९ येणार नाही कदाचित. येऊ नये असंच मी म्हणेन. वायुरूपातल्या ब्यूटेनवरची मोजमापं त्याहून थोडी कमीच भरतात, आणि तुम्ही ऊर्जा काढायला बी३एलवायपी ही पद्धत वापरली असेल तर तिला अणूंमधलं दूरचं, क्षीण आकर्षण नीट पकडता येत नाही. तीच गणना डी३ दुरुस्ती (हे आकर्षण वेगळं मिळवणारी) लावून परत करा आणि गॉश किती खाली सरकतो ते पाहा. मग कुठल्या ऊर्जेला किती रेणू असतील ते सांगणारं बोल्ट्झमनचं सूत्र घ्या. गॉश दोन प्रकारे होतो, डावा आणि उजवा, हे विसरू नका. ०.९ धरलं तर खोलीच्या तापमानाला सुमारे ७० टक्के रेणू अँटी निघतात. इथवर आलात की सांख्यिकी, क्वांटम आणि सेंद्रिय रसायन अशा तीन पेपरांची एकाच वहीत उजळणी झालेली असते.

पुढची पायरी फ्रिक्वेन्सी, म्हणजे रेणूच्या कंपनांच्या वारंवारता. चौदा अणूंच्या रेणूला ३६ कंपनं (३ गुणिले १४, वजा ६). सगळ्या वारंवारता धन आल्या तर तुमची रचना खरोखर ऊर्जेच्या दरीच्या तळाशी आहे. एखादी ऋण चिन्हासह छापली गेली तर ती रचना दोन दऱ्यांमधल्या खिंडीत उभी आहे, म्हणजे ट्रान्झिशन स्टेट. व्हायवाला परीक्षक पहिलं हेच विचारतात, आणि प्रोजेक्ट रिपोर्टांत हीच पायरी हमखास गाळलेली असते.

दुसरा सराव ऑक्सिजनचा, आणि तो माझा सगळ्यात आवडता. इनपुटमध्ये रेणूवरचा विद्युतभार आणि मल्टिप्लिसिटी (अयुग्मित इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) सांगावी लागते. नवखी मुलं सवयीनं शून्य आणि एक टाकतात. ऑक्सिजनच्या रेणूत मात्र दोन इलेक्ट्रॉन अयुग्मित असतात. मॉलिक्युलर ऑर्बिटलची आकृती काढून अकरावीलाच शिकलोय आपण, द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो तो त्यामुळेच. मल्टिप्लिसिटी तीन हवी (हा ट्रिप्लेट, एक असेल तर सिंगलेट). एक टाकलीत तरी प्रोग्रॅम कुरकुर करत नाही. गणना पूर्ण होते, शेवटी सगळं सुरळीत झाल्याची ओळ येते. ऑर्काऐवजी गाउसियन हा प्रोग्रॅम वापरत असाल तर तो शाळेच्या फळ्यावरच्यासारखा एक सुविचारही छापतो. आणि ऊर्जा साफ चुकलेली असते. खरा सिंगलेट ऑक्सिजन ट्रिप्लेटच्या वर ९४ किलोज्यूलवर आहे. तुमचा आकडा त्याहूनही बराच वर निघेल, कारण सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं बसवणाऱ्या साध्या गणनेला ही अवस्था नीट मांडताच येत नाही. हा प्रयोग मुद्दाम करा, दोन्ही आकडे शेजारी लिहा. रसायनशास्त्र येत नसेल तर संगणक वाचवायला येत नाही, हे यापेक्षा स्वस्तात शिकता येणार नाही.

आता गणिताचं. बारावीला गणित सोडलेल्यांना हा विषय जमेल का? जमेल, पण बी.एस्सी.ला गणित ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात मायनर (दुय्यम विषय) म्हणून घेता येत असेल तर तसं घ्या. लागतं ते मुख्यतः मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू आणि थोडं कॅल्क्युलस. सुरुवातीला हुकेलची पद्धत उत्तम, म्हणजे एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या रेणूंच्या ऊर्जा काढायची सोपी रीत. ब्यूटाडाईनचा डिटरमिनंट हातानं सोडवा, मग तोच चार बाय चारचा मॅट्रिक्स पायथनमधल्या नमपाय या गणिताच्या लायब्ररीला द्या. १.६१८, ०.६१८ आणि त्यांचेच उणे आकडे येतील. (हो, तेच ते सुवर्ण गुणोत्तर. असं कधीतरी भेटतं.) मग बेंझिन करा, मग नॅफ्थलीन. दहा बाय दहाचा डिटरमिनंट परीक्षेत कुणी हातानं सोडवत नाही, तुमचा प्रोग्रॅम मात्र क्षणात सोडवेल, आणि तो तुम्ही स्वतः लिहिलेला असेल. मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटातही मॅट्रिक्स तयार करून आयगेनव्हॅल्यू काढणंच चालू असतं, फक्त पुनःपुन्हा आणि फार मोठ्या प्रमाणावर.

या क्षेत्राची माणसंही अशी सीमेवरचीच. १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांना मिळालं. पहिले भौतिकशास्त्रज्ञ, दुसरे मुळात गणितातले. २०२४ चं डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना, प्रोटीनच्या रचनांवरच्या कामासाठी. त्यानंतर "आता एआयच सगळं करणार ना?" हा प्रश्न वाढलाय. हसाबिस आणि जम्पर यांचं अल्फाफोल्ड, म्हणजे प्रोटीनची रचना ओळखणारं एआय, शिकलं ते प्रोटीन डेटा बँकेतल्या रचनांवर, आणि ती बँक १९७१ पासून प्रयोगशाळांतल्या लोकांनी एकेक रचना सोडवून भरलेली आहे. तेव्हा लॅबला नाक मुरडू नका.

खर्चाचा अंदाज मात्र लवकर यायला हवा. अचूकतेसाठी नावाजलेली कपल्ड क्लस्टर पद्धत रेणूच्या आकाराच्या सातव्या घातानं महाग होते. रेणू दुप्पट केला की वेळ १२८ पट. तासाभराचं काम पाच दिवसांवर जातं. यावर पुण्यातच एक सुंदर तोड निघाली. पुणे विद्यापीठातल्या श्रीधर गद्रे यांच्या गटानं मोठ्या रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे करायचे, ते वेगवेगळे सोडवायचे आणि उत्तर पुन्हा जुळवायचं, अशी मॉलिक्युलर टेलरिंग पद्धत उभी केली. वाचायला मिळालं तर जरूर वाचा.

लिनक्सला घाबरू नका. तालुक्याच्या कॉलेजात ते कुणी दाखवत नाही, पण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल घालून सराव होतो. मोठ्या यंत्रावर जॉब लावायची वेळ येते तेव्हा एसएसएचनं (दूरच्या यंत्रात लॉगिन करायची सोय) आत शिरायचं, स्लर्म या कामांची रांग लावणाऱ्या प्रोग्रॅमसाठी छोटी स्क्रिप्ट लिहायची आणि रांगेत थांबायचं, एवढंच. परम ८००० हा महासंगणक ज्या सी-डॅकनं १९९१ मध्ये उभा केला ते पुण्यातच आहे, आणि आयसर पुण्यात परम ब्रह्म हा महासंगणक आहे. कुणाच्या गटात शिरलात तर अशा यंत्राशी गाठ पडते. पहिल्याच दिवशी सगळे कोअर मागून बसू नका. सीनियर लोक नाव लक्षात ठेवतात.

शिकायचं कुठं? एम.एस्सी. साध्या फिजिकल केमिस्ट्रीतच करा असं माझं मत. विशेष शिक्षण पीएच.डी.त होतंच. प्रवेश परीक्षा म्हणाल तर आयआयटीसाठी जॅम, बऱ्याच केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी. ज्यांना कोडिंगच जास्त रुचतं त्यांनी पुणे विद्यापीठातला मॉडेलिंग आणि सिम्युलेशनचा विभाग बघावा. पुढे पीएच.डी.साठी नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर सुरुवातीची दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. नोकऱ्या औषध, बॅटरी, उत्प्रेरक आणि मटेरियल या क्षेत्रांत आहेत. औषधाच्या बाजूनं जायचं असेल तर हैदराबाद-बंगळुरूची तयारी ठेवा. आणि हा मार्ग सोडलात तरी पायथन आणि डेटा हाताळायची सवय वाया जात नाही. माझ्या बॅचचे काही जण आज बँकांमध्ये आहेत, आणि मजेत आहेत.

उन्हाळी प्रोजेक्टसाठी प्राध्यापकांना मेल करायचा तो मार्चमध्ये नाही, दिवाळीनंतर लगेच. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्जही त्याच सुमारास असतात. मेल आठ-दहा ओळींचा : कोण, कुठल्या वर्गात, त्यांचा कुठला पेपर वाचला आणि त्यात काय कळलं नाही, आतापर्यंत स्वतः काय चालवून पाहिलं. "आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट" वगैरे काढून टाका. एकच मजकूर चाळीस जणांना, सगळ्यांचे पत्ते दिसतील असा, पाठवू नका. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा, आणि पुढच्या नावाकडे वळा.