तलंगांना शिंपल्यांची चुरी: कधी आणि कशी

आमच्याकडे तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या टाकायच्या नाहीत, असा घरात नियमच आहे. खुराड्यात ग्रामप्रिया जातीच्या बावीस तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या आहेत, लवकरच अंड्यावर येतील.

पण चुरी म्हणजे मुख्यतः कॅल्शियमच, ती द्यायची घाई करू नका. पहिल्या खेपेला मी तीन महिन्यांच्या पिलांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य चालू केलं. वाटलं, हाडं आधीच बळकट होतील. पाच पिलं वाळत जाऊन मेली. डॉक्टरांनी एक फाडून दाखवलं, तर मूत्रपिंडं सुजलेली आणि आत खडूसारखं पांढरं साचलेलं. ते अजून डोळ्यांसमोर आहे. वाढत्या पिलाच्या खाद्यात १ टक्क्याच्या आसपास कॅल्शियम पुरतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असतं, आणि ते पिलाला झेपत नाही.

म्हणून वय मोजत बसण्यापेक्षा तलंग बघा. तुरा लालभडक होतो, पाठीवर हात ठेवला की ती दबून बसते, आडोसे हुंगत फिरते. पहिल्या अंड्याआधीच्या साधारण दोन आठवड्यांत तिच्या पायांच्या पोकळ हाडांत कॅल्शियमचा साठा होतो आणि पुढे कवचासाठी तोच कामी येतो. चुरी चालू करायची वेळ हीच.

शिंपल्या उकळून, घासून दोन दिवस कडक उन्हात वाळवते. मग तव्यावर नुसत्या तापवते, म्हणजे पटकन फुटतात. जाळून चुना करायचा नाही, तो आतून भाजतो. खलबत्त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करते आणि भुकटी चाळून काढते. भुकटी पोटातून लगेच पुढे सरकते, तुकडे मात्र रात्रभर हळूहळू विरघळतात. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात, त्यातले बरेचसे रात्रीचे, आणि एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. म्हणून मी भांडं संध्याकाळी भरते.

चुरी खाद्यात कालवू नका. वेगळी ठेवली की जिला हवी ती खाते, कोंबडे आणि मागे राहिलेल्या तलंगा फारसं तोंड लावत नाहीत. दिवसा उन्हात मोकळं सोडा, कारण उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं; ते उन्हातून किंवा खाद्यातून मिळालं नाही, तर खाल्लेलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही.

पहिली एक-दोन अंडी मऊ आली तर घाबरू नका. पंधरा दिवसांनंतरही तशीच येत राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. चुरीचं भांडं कोंबड्यांच्या पाठीच्या उंचीला टांगा, नाहीतर सगळं उकरून घाणीत मिसळतात.