सातारा हिल हाफ : चढावर पेस नको, दम बघा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा (21.1 किलोमीटर) पहिला निम्मा भाग चढाचा, दुसरा उताराचा. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. सपाट रस्त्यावरचा पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) इथे जसाच्या तसा लावला की घाटातच गणित बिघडतं.

सपाटीवर हाफला 2 तास लागत असतील (किलोमीटरला 5:41), तर इथे 2 तास 8 मिनिटांचा बेत करा. जाताना सरासरी 6:40 धरली तर 10.5 किलोमीटरला 70 मिनिटं, येताना 5:30 ने साधारण 58. पण ही झाली सरासरी. घाटात घड्याळातला चालू पेस वळणागणिक उड्या मारतो, त्याच्या नादी लागू नका. तीन-चार शब्दांचं वाक्य न अडखळता बोलता आलं, तर वेग बरोबर. एकेक शब्द तुटायला लागला की पावलं आखूड करा. तरीही धाप आवरत नसेल तर तीसेक पावलं झपाझप चाला. लाजायचं कारण नाही. रेटून पळणाऱ्यापेक्षा असा चालणारा फारसा मागे पडत नाही.

गावातल्या पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये ढोल-ताशे आणि टाळ्यांनी पाय आपोआप सुटतात. तिथे मिळवलेलं अर्धं मिनिट घाटात व्याजासकट जातं.

खरी शर्यत हरली जाते ती मात्र उतारावर. 'आता काय, खालीच जायचंय' म्हणून लोक लांब ढांगा टाकतात. पाऊल शरीराच्या पुढे पडतं, टाच आपटते आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. तो सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. सोळा-सतराव्या किलोमीटरला मांड्या भरून येतात आणि शेवटच्या सपाट तुकड्यात पाय उचलत नाहीत. म्हणून वळल्यावर पहिला किलोमीटर हात राखून पळा. पावलं छोटी, भरभर. कमरेतून मागे रेलू नका. दम शाबूत आहे म्हणून मांड्याही शाबूत आहेत असं नाही. घाट उतरून गावात शिरलात की मग काय उरलंय ते सगळं लावा.

रस्ता ओला असेल तर पांढऱ्या पट्ट्यांवर पाय टाकू नका, घसरतो. मांड्यांना उताराची सवय हवी, त्यासाठी शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी एखाद्या घाटात पाच-सहा किलोमीटर सलग उतरून बघा. शेवटच्या आठवड्यात नको, तेव्हाचं दुखणं स्टार्ट लाइनपर्यंत सोबत येतं.